वीज परत आल्यावर संदेश येणे थांबते: पाहो लायब्ररीत कॉलबॅक नेमके कोठे आणि कसे बसवावेत?

बेदाणापेठ

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमचे बेदाण्याचे शीतगृह आहे. प्रत्येक खोलीत ईएसपी-३२ हा छोटा कंट्रोलर बसवलेला असून तो ठरावीक अंतराने तापमान व आर्द्रता एमक्यूटीटी या संदेश-पद्धतीने पाठवतो. हे संदेश घेऊन मागणाऱ्यांना पोहोचवणारा मॉस्किटो ब्रोकर पॅनेलच्या खोलीतील एका जुन्या संगणकावर चालतो. हे संदेश ऐकणारा पायथनमधील प्रोग्राम कार्यालयातील रास्पबेरी पायवर चालतो. तापमान मर्यादेबाहेर गेले की हा प्रोग्राम जीएसएम मोडेममार्फत वॉचमनला आणि आम्हाला एसएमएस पाठवतो. पायला यूपीएस आहे, ब्रोकरच्या संगणकाला नाही.

अडचण अशी की वीज जाऊन परत आली की ब्रोकर पुन्हा सुरू होतो, ईएसपी पुन्हा जोडले जातात, पायवरील प्रोग्रामही सिस्टमडीच्या (लिनक्सवरील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) यादीत ‘चालू’ दिसतो, पण त्यानंतर एकही संदेश त्याच्या हाती लागत नाही. प्रोग्राम हाताने बंद करून सुरू केला की सर्व सुरळीत होते. म्हणजे ज्या वेळी इशारा सर्वांत आवश्यक असतो, नेमक्या त्याच वेळी ही व्यवस्था मुकी असते.

हा प्रोग्राम पूर्वी एका बाहेरच्या व्यक्तीकडून लिहून घेतला होता आणि आता त्याची देखभाल माझ्याकडे आली आहे. त्यातील क्रम असा आहे: क्लायंट तयार करणे, कनेक्ट करणे, सबस्क्राइब करणे (कोणत्या विषयाचे, म्हणजे टॉपिकचे, संदेश हवेत ते ब्रोकरला सांगणे), मग ऑन_मेसेजला फंक्शन देणे आणि शेवटी लूप_स्टार्ट. मध्यंतरी पाय नव्याने बसवताना पाहोची (पायथनमधून एमक्यूटीटी वापरण्याच्या लायब्ररीची) २.० नंतरची आवृत्ती आली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका मुलाने काही किरकोळ बदल करून प्रोग्राम सुरू करून दिला होता. चूक नेमकी कोठे असावी?

मिरज_जंक्शन

तुम्ही दिलेल्या क्रमातच निम्मे उत्तर आहे. एमक्यूटीटी ३.१.१ मध्ये क्लायंट ‘क्लीन सेशन’ घेऊन जोडला गेला, आणि पाहोमध्ये तेच मूळ मूल्य आहे, तर जोडणी तुटताक्षणी त्या क्लायंटच्या सर्व सबस्क्रिप्शन ब्रोकर विसरतो. जोडणी पुन्हा होते तेव्हा ब्रोकरच्या दृष्टीने तो नवा पाहुणा असतो आणि त्याने अद्याप काहीच मागितलेले नसते. तुमचे सबस्क्राइब प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच चालते. त्यामुळे दुसऱ्या जोडणीनंतर क्लायंट जोडलेला असतो, ब्रोकरही खुशाल असतो, आणि संदेश मात्र कोणीच मागितलेले नसतात.

म्हणून सबस्क्राइबची जागा ऑन_कनेक्टच्या आत आहे. हा कॉलबॅक, म्हणजे घटना घडल्यावर लायब्ररीने बोलावायचे आपले फंक्शन, पहिल्या जोडणीला येतो तसाच प्रत्येक पुनर्जोडणीलाही येतो, हे त्याचे खरे मोल. मात्र तो आला म्हणजे जोडणी यशस्वी झालीच, असे समजू नये. ब्रोकरने नकार दिला तरी तो येतो. ३.१.१ मध्ये ० म्हणजे स्वीकार, ४ म्हणजे वापरकर्ता किंवा पासवर्ड चुकीचा आणि ५ म्हणजे परवानगी नाही. तेव्हा पहिल्या ओळीत कारणाचा कोड तपासा, नकार असेल तर लॉगमध्ये नोंदवा, आणि त्यानंतरच सबस्क्राइब करा. सबस्क्राइबचेही तसेच आहे. फंक्शन परत आले म्हणजे विनंती पाठवली गेली, एवढेच कळते. ब्रोकरने ती मानली की नाही हे ऑन_सबस्क्राइबमध्ये समजते, आणि १२८ हा कोड आला तर ती नाकारलेली असते. ब्रोकरवर टॉपिकनिहाय परवानग्या ठेवल्या असतील तर ही तपासणी वगळू नका.

दुसरी गोष्ट, सर्व कॉलबॅक कनेक्टच्या आधी नेमा. आज क्लीन सेशनमुळे फरक जाणवणार नाही, परंतु उद्या तुम्ही कायमचे सेशन आणि क्यूओएस १ (पोच घेऊन संदेश देण्याची पातळी) वापरायला लागलात, तर खंडित काळात साठलेले संदेश जोडणी होताच, तुमच्या सबस्क्राइबची वाट न पाहता, येऊ लागतात. त्या क्षणी ऑन_मेसेज रिकामा असेल तर ते संदेश लायब्ररीने घेतलेले असतात आणि तुमच्यापर्यंत आलेले नसतात. वेगवेगळ्या टॉपिकसाठी मेसेज_कॉलबॅक_ॲड वापरणार असाल तर त्यालाही हाच नियम आहे. येथे लक्षात घ्या की ज्या संदेशाला असा खास कॉलबॅक मिळतो तो सर्वसाधारण ऑन_मेसेजकडे जात नाही. ‘सगळ्या संदेशांची नोंद ऑन_मेसेजमध्ये होईलच’ या भरवशावर राहणाऱ्यांची येथे फसगत होते.

जाता जाता आणखी एक तपासून पाहा. नेमणूक करताना फंक्शनच्या नावापुढे कंस टाकलेले नाहीत ना? कंसांत मूल्ये देऊन लिहिले की फंक्शन तेथल्या तेथे चालते आणि त्याने परत दिलेले मूल्य, म्हणजे बहुधा ‘नन’ (काहीच नाही), कॉलबॅक म्हणून नोंदवले जाते. लायब्ररी त्याबद्दल कोणतीही तक्रार करत नाही.

बेदाणापेठ

तुमच्या सांगण्याप्रमाणे क्रम बदलला, सबस्क्राइब ऑन_कनेक्टमध्ये नेले आणि कारणाचा कोडही तपासू लागलो. नेमणुकीत कंस नव्हते. आता ब्रोकर मुद्दाम बंद करून सुरू केला तरी परिस्थिती तीच आहे. ऑन_कनेक्टमध्ये टाकलेली नोंद पहिल्यांदा उमटते, पण ब्रोकर परत आल्यावर ती उमटतच नाही. म्हणजे पुनर्जोडणीच होत नसावी. सिस्टमडीच्या नोंदी चाळल्या, तेव्हा ब्रोकर बंद झाल्याच्या वेळेला एक टाइपएरर दिसला. त्यात म्हटले आहे की ऑन_डिसकनेक्ट हे फंक्शन तीन आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची मूल्ये) घेते आणि त्याला पाच दिली गेली. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

हरिपूरकर

संबंध आहे, आणि तोच मुळाशी आहे. मिरजकरांनी सांगितलेली दुरुस्ती योग्यच होती, परंतु ती जेथे लागू व्हायची तेथपर्यंत तुमचा प्रोग्राम पोहोचतच नव्हता.

पाहोची २.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्यात क्लायंट तयार करताना कॉलबॅकच्या पद्धतीची आवृत्ती सांगणे बंधनकारक झाले. व्हर्जन१ म्हटले तर कॉलबॅकना जुन्या रीतीने आर्ग्युमेंट मिळतात. व्हर्जन२ म्हटले तर कनेक्ट, डिसकनेक्ट, सबस्क्राइब, अनसबस्क्राइब आणि पब्लिश या पाचही कॉलबॅकना प्रत्येकी पाच आर्ग्युमेंट मिळतात. ऑन_मेसेज मात्र दोन्हींत तीनच घेतो. ज्यांनी तुमचा प्रोग्राम सुरू करून दिला त्यांनी व्हर्जन२ निवडले असणार. ऑन_कनेक्ट पहिल्याच मिनिटाला अडखळला असेल, म्हणून तो दुरुस्त झाला. ऑन_डिसकनेक्ट जोडणी तुटेपर्यंत कोणी बोलावतच नाही, म्हणून तो तीन आर्ग्युमेंटांचाच राहिला. त्याची योग्य रचना क्लायंट, यूजरडेटा, डिसकनेक्टचे फ्लॅग, कारणाचा कोड आणि प्रॉपर्टीज, या क्रमाने आहे.

आता एवढ्याशा चुकीने सगळेच का थांबते, ते पाहू. लूप_स्टार्ट म्हटल्यावर लायब्ररी एक स्वतंत्र थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामाची धारा, सुरू करते. सॉकेटवरून वाचणे, त्यावर लिहिणे, ठरावीक काळाने ‘मी आहे’ असा पिंग पाठवणे, जोडणी तुटल्यास पुन्हा जोडणे आणि तुमचे कॉलबॅक चालवणे ही सर्व कामे तो एकच थ्रेड करतो. कॉलबॅकमध्ये एक्सेप्शन, म्हणजे चालताना उद्भवलेली चूक, आले की लायब्ररी त्याची नोंद करून ते तसेच वर फेकते, आणि त्यासरशी तो थ्रेड संपतो. तुमच्याकडे जोडणी तुटली, ऑन_डिसकनेक्ट बोलावला गेला, टाइपएरर आला आणि ज्या थ्रेडने पुढच्या क्षणी पुनर्जोडणीचा प्रयत्न करायचा, तोच नाहीसा झाला. मुख्य थ्रेड आपल्या ‘व्हाइल ट्रू’मध्ये निवांत झोपलेला असतो, म्हणून सिस्टमडीला प्रोग्राम जिवंत दिसतो.

तुमच्या मुख्य थ्रेडला दुसरे काही काम नसेल तर लूप_स्टार्टऐवजी लूप_फॉरेव्हर वापरा. मग एक्सेप्शन थेट मुख्य थ्रेडमध्ये येते, प्रोग्राम खरोखर मरतो आणि सेवेच्या फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’ची ओळ असेल तर सिस्टमडी त्याला उठवते. देखभाल करणाऱ्याला बंद पडलेला प्रोग्राम लगेच सापडतो. चालू असल्याचे भासवणारा सापडायला फार वेळ जातो.

वारणाकाठ

इतके करण्यापेक्षा व्हर्जन१ लिहून मोकळे व्हावे, असे मला वाटते. जुना कोड जसाच्या तसा चालतो. आणि एक्सेप्शनची एवढीच भीती असेल तर क्लायंटवर सप्रेस_एक्सेप्शन्स हा गुणधर्म खरा केला की थ्रेड मरत नाही.

हरिपूरकर

वारणाकाठ, पहिला उपाय तात्पुरता म्हणून चालेल, पण व्हर्जन१ कालबाह्य ठरवलेले आहे आणि पुढील मोठ्या आवृत्तीत ते काढून टाकण्याचे जाहीर झाले आहे. प्रोग्राम उघडून बसलोच आहोत तर त्याच बैठकीत फंक्शनांच्या पहिल्या ओळी बदलणे स्वस्त पडते.

दुसऱ्या उपायाला माझा स्पष्ट विरोध आहे. एक्सेप्शन दाबले की थ्रेड वाचतो हे खरे, पण ऑन_मेसेज प्रत्येक संदेशाला अडखळत राहिला तरी ते लॉगर जोडलेला नसेल तर कोणाला कळणार नाही. शीतगृहाच्या इशाऱ्यासाठी ही तडजोड मला पटत नाही. ऑन_मेसेजच्या आत, जेथे पेलोड, म्हणजे संदेशातील मजकूर, उलगडला जातो तेवढ्याच भागाभोवती ट्राय-एक्सेप्ट लावा आणि काय आले होते ते लॉगमध्ये लिहा. पेलोड बाइट्समध्ये येतो. तो डिकोड करताना किंवा त्याचा आकडा करताना बिघडलेल्या सेन्सरचा कचरा पुढे येऊ शकतो, आणि तेवढी शक्यता गृहीत धरलीच पाहिजे. त्यापलीकडच्या चुका उघड्या पडू द्याव्यात.

बेदाणापेठ

हरिपूरकर ताई, निदान अचूक निघाले. ऑन_डिसकनेक्ट दुरुस्त केला, लूप_फॉरेव्हर वापरले आणि आता ब्रोकर परत आला की काही वेळातच जोडणी होते व ऑन_कनेक्टची नोंद उमटते. मनापासून आभार.

मात्र त्यातून दोन नव्या गोष्टी समोर आल्या. एक, ब्रोकर परत येताच लगेच एक एसएमएस जातो, आणि त्यातील तापमान कधीकाळचे जुने असते. त्या खोलीचा सेन्सर तर आम्ही दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला आहे. दोन, एकाच वेळी अनेक खोल्यांचे इशारे आले की जोडणी मधूनच तुटते आणि पुन्हा होते. एसएमएस पाठवण्याचे फंक्शन ऑन_मेसेजमधूनच बोलावले जाते.

मिरज_जंक्शन

पहिली गोष्ट राखीव संदेशाची, म्हणजे रिटेनची आहे. ईएसपीवरील कोड मोजमाप पाठवताना रिटेन खरा ठेवत असणार. ब्रोकर त्या टॉपिकवरचा शेवटचा राखीव संदेश जपतो आणि कोणी सबस्क्राइब केले की लगेच त्याच्या हाती देतो. पूर्वी सबस्क्राइब एकदाच होत होते म्हणून हे दिसले नाही. आता प्रत्येक पुनर्जोडणीला होते, म्हणून प्रत्येक वेळी जुने मोजमाप नव्याने येते. असा संदेश ओळखण्यासाठी मेसेजवरच रिटेन हा गुणधर्म आहे, आणि सबस्क्राइब केल्यामुळे साठ्यातून आलेल्या संदेशावर तो खरा असतो. पडद्यावर शेवटचे तापमान दाखवण्यासाठी तो घ्या, इशाऱ्यासाठी घेऊ नका. शक्य असल्यास सेन्सरने पेलोडमध्ये मोजमापाची वेळही लिहावी, कारण संदेश हाती पडल्याची वेळ आणि मोजमापाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढून ठेवलेल्या सेन्सरचा राखीव संदेश पुसायचा असेल तर त्याच टॉपिकवर रिकामा पेलोड रिटेनसह पाठवावा.

दुसऱ्या गोष्टीचे मूळ ताईंनी सांगितलेल्या त्या एकाच थ्रेडमध्ये आहे. मोडेमला एसएमएस द्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ ऑन_मेसेज परत येत नाही, म्हणजे लूप थांबलेला असतो आणि पिंग जात नाही. कनेक्टमध्ये काही सांगितले नसेल तर कीपअलाइव्ह, म्हणजे शांत राहण्याची मुदत, ६० सेकंद असतो, आणि त्याच्या दीडपट काळ, म्हणजे ९० सेकंद, क्लायंटकडून काहीच आले नाही तर ब्रोकर जोडणी तोडतो. एकामागून एक इशारे आले, त्यात मोडेमला रेंज मिळाली नाही, तर ९० सेकंद सहज उलटतात. पोस्टमनने प्रत्येक दारात बसून पत्राचे उत्तर लिहून द्यायचे ठरवले तर पुढच्या गल्लीत टपाल पोहोचणार कधी, तसा हा प्रकार आहे.

ऑन_मेसेजने संदेश उलगडावा, पायथनच्या क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) टाकावा आणि परतावे. मोडेमशी बोलणारा वेगळा थ्रेड त्या क्यूमधून एकेक काम उचलील. क्यूला मर्यादा घाला आणि भरल्यास वाट न पाहता टाकण्याची पद्धत वापरा, नाही तर क्यू भरल्यावर ऑन_मेसेज पुन्हा तेथेच अडकेल. एकाच खोलीचे इशारे साठत असतील तर शेवटचा तेवढा ठेवावा. वॉचमनला एकाच खोलीसाठी एकापाठोपाठ दहा एसएमएस नको असतात.

याच कारणाने कॉलबॅकच्या आतून पब्लिश करून त्यावर वेट_फॉर_पब्लिश कधीही म्हणू नये. पब्लिश करायला हरकत नाही, पण क्यूओएस १ ची पोच ज्या थ्रेडने वाचायची तोच थ्रेड पोचेची वाट पाहत उभा राहतो आणि वेळेची मर्यादा दिली नसेल तर तेथून कधीच हलत नाही.

आणि तुम्ही मोजमापे एसक्यूलाइटमध्ये साठवत असाल तर सावध राहा. मुख्य थ्रेडमध्ये उघडलेली जोडणी दुसऱ्या थ्रेडमधून वापरली की पायथनचे मॉड्यूल मुळातच नकार देऊन एक्सेप्शन देते. क्यूमधून उचलणाऱ्या थ्रेडनेच ती जोडणी उघडावी आणि त्यानेच लिहावे. ही तपासणी बंद करण्याची सोय आहे, पण ती वापरण्याचे येथे काही कारण नाही.

आयर्विन

विषय निघालाच आहे तर नोडवर (जावास्क्रिप्टमध्ये) काम करणाऱ्यांसाठी थोडे लिहितो, कारण तेथे हीच चूक उलट्या अंगाने होते. पाहोमध्ये ऑन_मेसेज ही एकच जागा असते आणि नवे फंक्शन दिले की जुने जाते. एमक्यूटीटी डॉट जेएसमध्ये क्लायंट हा इव्हेंटएमिटर, म्हणजे घटना घडली की नोंदवलेल्या श्रोता-फंक्शनांना कळवणारा, असतो आणि ‘ऑन’ म्हटले की आधीच्या श्रोत्यांत आणखी एकाची भर पडते. पायथनमधली ‘सगळे कनेक्टच्या आत करा’ ही सवय घेऊन कोणी मेसेजचा श्रोता कनेक्टच्या कॉलबॅकमध्ये जोडला, तर प्रत्येक पुनर्जोडणीला एक श्रोता वाढतो आणि एकाच संदेशावर तेच काम दोनदा, तीनदा, चारदा होऊ लागते. एकाच इव्हेंटवर दहापेक्षा जास्त श्रोते झाले की नोड मेमरी गळतीची शक्यता असल्याचा इशारा छापते. तो दिसल्यावर अनेक जण मर्यादाच वाढवतात, आणि ते तर अगदीच चुकीचे आहे. श्रोते बाहेर एकदाच जोडावेत. त्या लायब्ररीत पुनर्जोडणीनंतर सबस्क्रिप्शन आपोआप नव्याने घेण्याची सोय मुळात चालू असते, हाही पाहोपेक्षा वेगळा भाग आहे.

संदेश दोनदा येण्याचे दुसरे कारण क्यूओएस १ आहे. त्याचे आश्वासन ‘किमान एकदा’ एवढेच आहे. म्हणून इशाऱ्याचे काम असे लिहावे की तोच संदेश पुन्हा आला तरी बिघडू नये.

वारणाकाठ

ईएसपीच्या बाजूचेही पाहावे. तेथे बहुतेक जण पबसबक्लायंट वापरतात आणि ती लायब्ररी पाहोइतकी समजूतदार नाही. ती आपणहून पुनर्जोडणी करत नाही. मुख्य लूपमध्ये तिचा लूप वारंवार बोलावला नाही तर कॉलबॅकही येत नाहीत आणि पिंगही जात नाही. तिचा मूळ कीपअलाइव्ह अवघा १५ सेकंदांचा आहे. सेन्सर वाचल्यावर लांबलचक ‘डिले’ टाकण्याची सवय असलेल्यांची जोडणी याच कारणाने तुटत राहते.

तिच्या कॉलबॅकमध्ये मिळणारा पेलोड हा लायब्ररीच्या अंतर्गत बफरमधलाच पत्ता असतो आणि पब्लिश करतानाही तोच बफर वापरला जातो. म्हणून कॉलबॅकच्या आत आधी पब्लिश करून मग पेलोड वाचला तर हाती भलतेच काही लागते. पेलोडची प्रत आधी काढून घ्यावी, आणि त्याच्या शेवटी शून्य बाइट नसतो हे लक्षात ठेवून दिलेल्या लांबीइतकेच वाचावे. बफर मुळात २५६ बाइटचा असतो. टॉपिकची नावे देवनागरीत ठेवण्याला एमक्यूटीटीची आडकाठी नाही, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइट घेते. बफरपेक्षा मोठा संदेश पाठवू गेल्यास पब्लिश ‘फॉल्स’ परत देते, आणि ते मूल्य तपासणारे फार थोडे. मोठा संदेश आत येत असेल तर तो गुपचूप टाकला जातो. सेट_बफर_साइझने मर्यादा वाढवता येते.

हरिपूरकर

वारणाकाठ, बफरची माहिती अनेकांच्या उपयोगी पडेल.

बेदाणापेठ, बदल झाल्यावर तपासणी करताना ब्रोकरची सेवा रीस्टार्ट करून थांबू नका. सेवा नीट बंद होताना सॉकेटही रीतसर बंद होतो आणि क्लायंटला लगेच कळते. वीज जाते तेव्हा असे काही होत नाही. पायच्या दृष्टीने सॉकेट उघडाच असतो आणि पिंगला उत्तर न आल्यावरच त्याला तुटल्याचे समजते. ६० सेकंदांच्या कीपअलाइव्हवर यात दोन मिनिटांपर्यंत जाऊ शकतात. त्यानंतर पाहो १ सेकंदाने पहिला प्रयत्न करते आणि अंतर दुप्पट करत १२० सेकंदांपर्यंत नेते. म्हणजे वीज बराच वेळ गेली असेल तर ब्रोकर आल्यानंतरही जवळजवळ दोन मिनिटे शांतता असू शकते, आणि ती बिघाडाची खूण नव्हे. तुमच्या कामासाठी रीकनेक्ट_डिले_सेटने वरची मर्यादा २० सेकंदांवर आणावी. ब्रोकर तुमचाच आहे आणि क्लायंट मोजके आहेत, त्यामुळे त्यावर ताण येणार नाही. तपासणीसाठी ब्रोकरच्या संगणकाचे मुख्य बटण बंद करा किंवा त्याची नेटवर्कची केबल काढा. तपासणी संगणकावरून दुसऱ्या नावाने सबस्क्राइब करून करणार असाल तर क्लायंट आयडी वेगळा ठेवा. तोच आयडी दिलात तर ब्रोकर आधीच्या जोडणीला बाहेर काढतो, ती पुन्हा येते, दुसरीला बाहेर काढते आणि दोन्हीकडे ऑन_डिसकनेक्टच्या नोंदींचा पाऊस पडतो.

शेवटी विल_सेट (जोडणी अचानक तुटल्यास ब्रोकरने प्रसिद्ध करायचा संदेश ठरवणे) हे कनेक्टच्या आधीच करावे लागते, कारण तो मजकूर जोडणीच्या पहिल्या पॅकेटमध्येच जातो. एका स्थितीच्या टॉपिकवर ‘बंद’ हा विल रिटेनसह ठेवा आणि ऑन_कनेक्टमध्ये त्याच टॉपिकवर ‘चालू’ रिटेनसह पाठवा. पायवरचा प्रोग्राम अडकला किंवा मेला तर ब्रोकर तो ‘बंद’ स्वतःहून प्रसिद्ध करील. तुम्ही रीतसर डिसकनेक्ट केलेत तर मात्र विल टाकून दिला जातो, म्हणून मुद्दाम बंद करताना ‘बंद’ आधी स्वतः पाठवून त्याची पोच मिळेपर्यंत थांबावे, आणि ते कॉलबॅकच्या बाहेरून करावे.

बेदाणापेठ

ईएसपीवरील लायब्ररी पबसबक्लायंटच आहे आणि मुख्य लूपमध्ये डिलेही आहे, हे आत्ताच पाहिले. क्यू आणि वेगळा थ्रेड लिहून झाला आहे. उद्या दुपारी माल बाहेर काढण्याचे काम नसेल, तेव्हा पॅनेलच्या खोलीत जाऊन ब्रोकरचे बटणच बंद करून पाहतो आणि ऑन_डिसकनेक्ट व ऑन_कनेक्टच्या नोंदी वेळेसह येथे टाकतो.